माझ्या पाटल्या, विद्याचे हात

सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाची निराशा नको. आजारपणात मी धीराने वागले नाही. आजारातून उठलेल्या माणसांनी लिहिलेलं मी बरंच वाचलं, म्हणजे नवऱ्याने फोन डोळ्यांसमोर धरला आणि मी वाचलं. त्यात सगळे जण शांत होतात, त्यांना आयुष्याचा अर्थ कळतो, शेजारच्या पेशंटसाठी ते प्रार्थना करतात. मला शेजारच्या पेशंटचा राग यायचा. त्याचा अंगठा हलला की माझ्या पोटात दुखायचं.

मला जीबीएस झाला होता. यात शरीर स्वतःच्याच नसांवर उलटतं, हातपाय लुळे पडतात आणि बहुतेकांचे हळूहळू परत येतात. एवढं कळलं तरी पुरे, बाकीचं डॉक्टर सांगतील. डॉक्टर जे सांगत नाहीत ते मी सांगते. आपण पडून असलो की घरातली, वॉर्डातली, खिडकीतून दिसणारी सगळी हातपाय चालणारी माणसं डोळ्यांसमोर नकोशी होतात. तुम्हाला असं होत असेल तर घाबरू नका. आजारपणाने माणसाचा स्वभाव बदलत नाही, तोही आपल्याबरोबर खाटेवर पडून राहतो. माझा आधीपासूनच जळका होता.

निसटणारा माउस

आम्ही दोघी जावा मिळून वेबसाइट बनवतो. जुळे सोलापुरात एकाच इमारतीत खाली आमचं बिऱ्हाड, वर धाकट्या दिराचं. माझ्या पुढच्या खोलीत दोन टेबलं आणि दोन संगणक. हे काम मी सुरू केलं. विद्या, माझी धाकटी जाऊ, बार्शीकडून लग्न होऊन आली तेव्हा तिला मीच शिकवलं. आमच्या घरात निम्मं बोलणं कानडी, म्हणून तीही मला अक्का म्हणायला लागली.

त्या दिवसांत आमच्या हातात कलावती मावशींचं काम होतं. मावशी कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकतात. ज्वारीची भाकरी, पापडासारखी पातळ, हातात धरली की कडकडणारी, प्रवासात न बिघडणारी. त्यांचं निम्मं गिऱ्हाईक आता पुण्या-मुंबईला मुलांकडे राहायला गेलेलं. पहिल्याच भेटीत मावशी पदर खोचून बसल्या आणि म्हणाल्या,

“माजं गिऱ्हाईक म्हातारं हाय बगा. कुणाला दिसत न्हाई, कुणाचे हात कापतेत, कुणाला ऐकू येत न्हाई. भाकरी खावीशी वाटली की सुनंच्या तोंडाकडं बगावं लागतंय. तसं नको. ज्याचं त्याला मागवता आलं पायजे. कुणी मदीच अडकला न्हाई पायजे.”

“सगळ्यांना वापरता येईल अशीच करू मावशी,” मी म्हणाले. अशा साइटचे नियम असतात. ते मी वाचले होते आणि विद्याने वाचले नव्हते, त्यामुळे पुढचे चार दिवस मी नाकाने कांदे सोलत तिला ते समजावून सांगत होते. ती आपली ‘व्हय अक्का, व्हय अक्का’ करत लिहून घेत होती.

आणि एका सकाळी माझ्या हातातून माउस निसटायला लागला. आधी वाटलं, हात तेलकट असेल. धुऊन आले तरी निसटला. पायाला आदल्या दिवसापासून मुंग्या होत्याच, पण मुंग्यांसाठी कोण डॉक्टरकडे जातं? चहाचा कप उचलला तो मांडीवर सांडला. विद्या टेबलावरून उठून आली.

“अक्का, हात असा का धरलाव ओ?”

मी हात कसाच धरला नव्हता. तो आपला आपण तसा लोंबत होता.

दुपारपर्यंत दारातल्या दोन पायऱ्याही उतरता येईनात. मल्लिनाथ, माझे यजमान, अडत दुकानातून धावत आले. गाडीवर मागे बसवून न्यायला बघितलं, तर मी बसायलाच तयार नाही, म्हणजे माझं अंग तयार नाही. शेवटी रिक्षात घातलं. दवाखान्यात डॉक्टरांनी गुडघ्यावर ती छोटी हातोडी ठोकली. पाय उडाला नाही. त्यांनी परत ठोकली. शाळेत फळ्यासमोर अडलेल्या लेकराकडे आई बघते तशी मी त्या पायाकडे बघत होते. दे की रे उत्तर, येतंय तुला. पाय गप्प. डॉक्टरांनी हातोडी खिशात ठेवली आणि मल्लिनाथांना बाहेर बोलावलं. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

आत न्यायच्या आधी सिस्टरने माझ्या हातातल्या पाटल्या साबण लावून काढल्या. लग्नात अव्वाने, माझ्या आईने, केलेल्या. मैंदर्गीच्या सोनाराकडे ती स्वतः समोर बसून राहिली होती. त्या हातातून जाताना मला दिसल्या, पण त्यांचा स्पर्श कळला नाही.

“घराला आता सारखं कुलूप असणार,” मल्लिनाथ म्हणाले. “विद्या, तुझ्या हातात असू देत. काढू नकोस.”

“नको दादा, अक्काच्या हायत त्या.”

“घाल म्हणतोय ना.”

तिने माझ्याकडे बघितलं. मान तेवढी हलत होती, ती मी हो म्हणून हलवली. माझ्या आजारपणातलं ते शेवटचं मोठ्या मनाचं वागणं.

वॉर्डातली रांग

आधी आयसीयूच्या काचेच्या खोलीत आणि मग वॉर्डात. सकाळी अंग पुसणं, कूस बदलणं, मग डॉक्टर येऊन एका श्वासात आकडे म्हणायला लावायचे. श्वास पुरतो का बघायला. पुरला नाही तर घशात नळी. एकदा मधेच खोकला आला आणि मी रडायलाच लागले. सिस्टर म्हणाली, “अहो, खोकला आला म्हणजे ताकद आहे.” त्या एका वाक्यावर मी तो दिवस काढला.

पण त्याच सिस्टरचा मला हेवाही वाटायचा. ती बोलता बोलता गोळीच्या पाकिटावर अंगठा दाबायची, टक्, आणि गोळी तळहातावर. किती सहज! बघत नव्हतीसुद्धा. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, बाई, बघून तरी कर.

विद्या रोज यायची. जेवण भरवायची, केस विंचरायची. माझं नाक खाजायला लागलं की मी सांगायच्या आत तिचं बोट तिथे. नेमकं तिथेच. लुळ्या माणसाला विचारा हे केवढं सुख आहे. आणि सुख देणाऱ्या त्या हाताचा मला राग यायचा, कारण तो यायचा, खाजवायचा आणि परत जाऊन पदर सावरायचा. हिंडतोय आपला मोकळा. वर त्यात माझ्या पाटल्या.

व्यायामाच्या खोलीत एक तात्या भेटले. कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला. त्यांनाही हाच आजार. माझ्यानंतर आले आणि माझ्याआधी उठून बसले. गॅसच्या रांगेत मागून येऊन पुढे घुसणाऱ्या माणसाचा येतो ना, तसा मला त्यांचा राग आला. मी आधारानं बसायला लागले तर ते उभे. मी उभी राहिले तर ते दांड्या धरून चालतायत. आणि माणूस इतका घमेंडी, की कधी हसायचा नाही. व्यायाम घेणारी मुलगी विनोदी होती, तिच्या बोलण्यावर मी खळखळून हसायचे. तात्या ढिम्म. तोंडाची रेघ हलायची नाही.

“बघा, तात्यांचं किती छान चाललंय,” ती म्हणायची.

चालतंय ते दिसतंय, मी मनात म्हणायचे. पडले पाहिजेत एकदा. हो, असंच म्हणायचे. खोटं कशाला सांगू?

माझी खुर्ची

घरी आले तेव्हा चाकांच्या खुर्चीत होते. पाय थोडे आलेले, हात जवळजवळ नाहीतच, फक्त डाव्या हाताचं मधलं बोट सांगेल तसं वाकायचं. दार उघडलं तर पुढच्या खोलीत माझ्या खुर्चीवर विद्या. तिच्या खुर्चीचं चाक मोडलं होतं म्हणून. ती चटकन उठली, “या, बसा की अक्का.” बसून काय करू? माउसची पूजा?

माझी लेक ईश्वरी चौथीत आहे. ती आनंदाने माझ्या गळ्यात पडली आणि पाठोपाठ म्हणाली, “आई, काकूची वेणी दिवसभर सुटत नाही. तू घालायचीस ती मधल्या सुट्टीतच सुटायची.” मल्लिनाथांचा डबा विद्या करत होती. डबा चाटूनपुसून परत येत होता. देवापुढचा दिवासुद्धा तिच्या हाताने जास्त वेळ तेवतो की काय असं मला वाटायला लागलं.

एकदा मी मल्लिनाथांना म्हणाले, “तिला सांगा, घरातलं बाई लावून होईल.”

“अगं, ती होती म्हणून हे घर उभं राहिलं.”

“तेच सांगू नका मला. रोज तेच सांगताय.”

ते चपला घालून दुकानात निघून गेले. त्या दिवशी त्यांनी डबा नेला नाही. उपाशी राहिले असतील, तर माझ्यामुळे.

मला काय खुपत होतं ते आता नीट सांगता येतं. हात यायचे तेव्हा येतील, पण मावशींची साइट मी आखली होती. ती विद्याने पुरी केली, तिची झाली, तर त्या खोलीत मी कोण? खुर्ची तिची, स्वयंपाकघर तिचं, वेणी तिची. मला फक्त औषधं उरली असती.

आणि तशात तिने मला साइटचं पहिलं पान दाखवलं.

पडद्यावरचे हात

पानावर व्हिडिओ होता. तोंड नाही, साडी नाही, फक्त परात, पीठ आणि दोन हात. भाकरी थापणारे. उजवा तळवा उठतो, पडतो, खालची भाकरी जराशी सरकते, फिरते, चंद्रासारखी वाढत जाते. मग दोन्ही हातांनी अलगद उचलून तव्यावर. सरतं न सरतं तोच परत पहिल्यापासून. सुंदर होता. विद्याच्या हातच्या भाकरीला तोड नाही हे मी शत्रूच्या पंक्तीतही कबूल करीन.

मनगटात माझ्या पाटल्या होत्या.

“मावशीकडच्या बायकांचा काडणार होते,” विद्या म्हणाली, “पण त्या लाजल्या. मग तुमच्या दिरानं माजाच काडला.”

मी म्हणाले, “बरा आहे.”

दुसऱ्या दिवशी अव्वाचा फोन. पान नेटवर चढलेलंच होतं, तिला कुणीतरी ते मोबाइलवर दाखवलं होतं. डोळ्यांत मोतीबिंदू, पण पाटल्या तिने लगेच ओळखल्या. हातच्या काकणाला आरसा कशाला! ती रडत होती.

“शिवू, चलो आतु, यवा! लई चांगलं झालं! हात आले की गं तुजे! मी सिद्धरामाला नारळ बोलले होते.”

मल्लिनाथांनी फोन माझ्या कानाला लावून धरला होता. त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

“अव्वा, ते विद्याचे हात आहेत,” मी म्हणाले.

पलीकडे रडणं थांबलं. मग अव्वा सावरून म्हणाली, “हौदा... असं व्हय... असू दे, असू दे. तिचे पण चांगले हायत की.”

त्या वाक्याने माझ्या अंगाची जी आग झाली ती कुठल्याही इंजेक्शनने झाली नव्हती.

टॅब आणि एंटर

मी विद्याच्या कामातल्या चुका काढायचं ठरवलं.

एक बोट होतं माझ्याकडे. माउस धरता येत नाही अशा माणसाला कीबोर्डवरची टॅबची कळ दाबत दाबत पानावर पुढे सरकता येतं आणि एंटर दाबून हवं ते निवडता येतं. साइट नीट बांधली असेल तरच. मल्लिनाथांनी उशी देऊन हात कीबोर्डवर ठेवला आणि मी कलावती मावशींचं म्हातारं गिऱ्हाईक होऊन आत शिरले. पहिल्याच पानावर अडकले. मी कुठल्या बटणावर उभी आहे तेच दिसत नव्हतं.

“विद्या!”

ती पिठाच्या हातांनीच आली.

“मी कुठंय हे कळतच नाही इथे. भोवती ठळक चौकट हवी. शिकवलं होतं ना?”

“व्हय अक्का, ऱ्हायलं. करते.”

मला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. मग मी सुटलेच. चटणी किती हवी त्यासाठी तिने सरकवायची पट्टी केली होती. कापऱ्या हाताने पाव किलोच्या जागी पाच किलो मागवली जाईल अशी. चटणी किती तिखट ते नुसत्या रंगाने दाखवलेलं, फिका लाल, लाल, गडद लाल. रंग न कळणाऱ्याने काय करायचं, खाऊन बघायचं? न दिसणाऱ्यांसाठी फोन पान मोठ्याने वाचून दाखवतो, तो चालू केला तर फोटोंच्या जागी नुसते आकडे बडबडायला लागला. पत्ता लिहीपर्यंत वेळ संपून निवडलेल्या मालाची पिशवी रिकामी व्हायची. मला एक पत्ता लिहायला सकाळ लागत होती, त्यामुळे ही चूक माझ्यावाचून कुणाला सापडलीच नसती.

विद्या एकदाही वाद घालत नव्हती. मी चूक काढायची, तिने दुरुस्त करायची. पट्टी जाऊन मोठी बटणं आली, पाव, अर्धा, एक. रंगाशेजारी शब्द आले: बेताची, तिखट, लई तिखट. साइट सुधारत चालली आणि माझा जळफळाट वाढत चालला. कारण चुका संपत आल्या होत्या आणि व्हिडिओ तसाच होता. रोज टॅब दाबायला बसलं की पहिले ते हात.

शेवटी मी म्हणाले, “तो व्हिडिओ काढून टाक. सारखं हलणारं चित्र नियमात बसत नाही. कुणाला गरगरतं, कुणाचं वाचण्यात लक्ष लागत नाही.”

विद्याने माझ्याकडे बघितलं. “काडून टाकू?”

“हो. पूर्ण.”

“बरं, अक्का.”

गरगरणाऱ्या माणसाचं खरं होतं. पूर्ण काढायचं खरं नव्हतं. थांबवायचं बटण दिलं की व्हिडिओ नियमात बसतो, हे मला पक्कं ठाऊक होतं.

चार दिवसांनी मावशी आल्या. पान बघितलं आणि कपाळाला आठ्या.

“हात कुटं गेले ओ? त्या हाताकडं बगून तर लोकं भाकरी घेणार. ह्यो पुट्टा कशाला लावला?”

पुट्टा म्हणजे भाकरीच्या खोक्याचा फोटो. मी काही बोलायच्या आत विद्या म्हणाली, “मावशी, नियमात बसत न्हाई. अक्कानं सांगितलंय. अक्काला त्यातलं लई कळतंय.”

मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, “मग ऱ्हाऊ दे. तुमी म्हणता तर ऱ्हाऊ दे.” पण जाताना त्यांचा चेहरा पडलेला होता. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तोंडात मारल्यासारखं वाटलं.

तात्यांचं तोंड

त्याच आठवड्यात दवाखान्यात तपासणीला गेले तर बाकावर तात्या. काठी टेकून एकटे आलेले, कुर्डुवाडीहून, रेल्वेनं. मी अजून खुर्चीत. मल्लिनाथ कागद काढायला खिडकीशी गेले आणि मला तात्यांशेजारी सोडून गेले. आली का पंचाईत!

“कामावर जाताय म्हणे,” मी म्हणाले. आवाजात जेवढं कडू येऊ शकतं तेवढं आलं असणार.

तात्या माझ्याकडे वळले आणि हसले. मी बघतच राहिले. हसू जरा वाकडं होतं, उजवीकडे जास्त.

“ताई, एक सांगू का? राग न्हाई ना येणार? मला तुमचा लई राग यायचा बगा तवा.”

“माझा? मी काय केलं?”

“तुमी हसायचाव की ओ! ती पोरगी काय बोलली की खीः खीः खीः. माजं त्वांडच गेलतं न्हवं का, दोनी बाजूनी. हसू येईना, डोळा मिटंना, चा प्यालो तर गळतोय खाली. बायकू यायची तर तिला वाटायचं मी रागावलोय. आन् तुमी आपल्या हसालाव. मनात म्हणायचो, ह्या बाईला काय धाड भरलीय हसायला!”

“आणि मी म्हणायचे, तात्या एकदा पडले पाहिजेत!”

“पडलो की! घरी न्हाणीत पडलो. तुमचीच नजर व्हय ती?”

आम्ही दोघं इतके हसलो की खिडकीवरचा माणूस वळून बघायला लागला. तात्यांच्या डोळ्यातून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं आणि मग शर्टाची बटणं दाखवून म्हणाले, “पाना धरतोय, पर बटन लागत न्हाई. रोज सकाळी बायकू लावती. तिच्या बोटाकडं बगून आजबी जळतोय मी. काय करता?”

इतक्या महिन्यांत मला बरं वाटावं म्हणून किती जण किती बोलले. माझ्यावर कुणी जळतही होतं, हे ऐकून जेवढं बरं वाटलं तेवढं कशानेच वाटलं नव्हतं.

थांबवायचं बटण

घरी आल्या आल्या विद्याला हाक मारली.

“तो व्हिडिओ परत लाव. थांबवायचं बटण दिलं की बसतो नियमात.”

“मला म्हाईत होतं, अक्का.”

“काय माहीत होतं?”

“नियम. तुमी बोललाव त्याच दिवशी वाचला मी.” ती टेबलावरचं पीठ झटकत होती, जे तिथे नव्हतंच.

“मग काढलास कशाला?”

“तुमी काड म्हणालाव म्हणून काडला.” मग म्हणाली, “मला बी कळतंय की. माजे हात असे गेले असते तर मी तर मोबाइलच फोडला असता.”

तिने व्हिडिओ परत चढवला, खाली मोठं ठळक बटण केलं, ‘थांबवा’. मी टॅब दाबत तिथवर गेले, एंटर दाबलं, हात थांबले. परत दाबलं, चालू झाले. चोख काम होतं.

“एक ऱ्हायलंय,” विद्या म्हणाली. “ज्याला दिसत न्हाई त्याला ह्यात काय हाय ते वाचून दाखवायला लिवावं लागंल. ते तुमी लिवा. माज्याच हाताचं मी काय लिवू?”

ती वर निघून गेली आणि मी बसले माझ्या एका बोटानिशी.

आधी लिहिलं, “भाकरी थापणारे हात.” फोनच्या त्या कोरड्या आवाजात ऐकलं. याने कुणाला काय दिसणार? मग लिहिलं, “दोन हात भाकरी थापत आहेत. हात चांगले आहेत.” ऐकलं आणि अव्वा आठवली. पुसून टाकलं.

मग नीट बघायला लागले. दुसऱ्याला दाखवायचं तर आधी आपण बघावं लागतं आणि मी त्या हातांकडे इतके दिवस डोळे वटारून बसले होते, बघितलं काहीच नव्हतं. डावा हात कडेला नुसता टेकलेला असतो असं मला वाटायचं. तो कड फाटू देत नव्हता. दर दोन थापांनी उजवं मनगट जरासं आत वळत होतं. ते का, म्हणून थांबवायचं बटण दाबलं. पुढे नेलं, परत थांबवलं. भाकरी तव्यावर टाकताना मनगट उलटं झालं आणि तिथे चित्र थांबलं.

पाटलीच्या आतल्या बाजूला लाल दोरा होता. घट्ट, एकाला एक लावून गुंडाळलेला. विद्याचं मनगट माझ्याहून बारीक. काढायच्या नाहीत असं बजावलेलं आणि निसटून हरवल्या तर? म्हणून बाईने दोरा गुंडाळला होता. तरीही मधून मधून मनगट वळवून त्या आहेत ना बघत होती, पीठ लागू नये म्हणून वर सारत होती. ती मिरवतेय असं समजून मी जळत होते आणि ती त्या सांभाळत होती.

लिहायला मला दुपार लागली. संध्याकाळी विद्या खाली आली तेव्हा मी एंटर दाबून ते पानावर चढवलं आणि शेजारचा फोन एकसुरी वाचायला लागला.

“विद्याचे दोन हात परातीत ज्वारीची भाकरी थापत आहेत. डावा हात कड सांभाळतो, उजवा थापतो. भाकरी फिरत फिरत पातळ होते. हातात मोठ्या जावेच्या पाटल्या आहेत. त्या सैल होतात म्हणून आतून लाल दोरा गुंडाळला आहे.”

विद्याचा हात पाटलीवर गेला. मग म्हणाली, “दोऱ्याचं कशाला लिवलाव अक्का? भाकरी घेणाऱ्याला दोऱ्याचं काय करायचंय?”

“बाकीच्यांना दिसतोय ना? मग न दिसणाऱ्यालाही कळला पाहिजे. कुणी मधेच अडकायचं नाही.”

ती डोळे पुसत हसली आणि पाटल्या काढायला लागली. “घ्या आता तुमच्या तुमाला. मला वज्जं झालंय ह्यांचं. थांबा, आदी दोरा सोडते.”

“सोडू नकोस,” मी म्हणाले.

आजारपणात माझे हात काडीसारखे झाले होते. हे तिला ठाऊक होतं, रोज तीच तेल लावत होती. तिने माझा हात आपल्या मांडीवर घेतला आणि पाटली चढवली. मला वाटलं, आता घरंगळत खाली जाईल.

नाही गेली. तिच्या मापाने गुंडाळलेला दोरा माझ्या मनगटाला बरोबर बसला.